तळ्यात तणनाशक मारायचं, तर परवाना कुणाचा?

निपाणी तालुक्यातल्या, दूधगंगेच्या काठावरच्या एका गावातून ग्रामपंचायतीच्या सदस्या लिहितात (त्यांच्या विनंतीवरून नाव-गाव गाळलं आहे आणि पत्र थोडं आखूड केलं आहे):

"नमस्कार. मी पहिल्यांदाच पंचायतीत निवडून आले आहे. आमच्या गावचं तळं केंदाळानं (जलपर्णीनं) भरून गेलंय, पाणी दिसत नाही. भोई लोकांनी तळं मासेमारीला घेतलंय, त्यांचं जाळं टाकणं बंद झालंय. मागच्या मिटिंगला एक कंत्राटदार आला होता. औषधाचे दोन हात मारले की केंदाळ जळून जाईल, माणसं लावून काढण्यापेक्षा निम्म्या पैशात काम होईल, असं म्हणाला. पाण्यात औषध मारायला परवानगी लागते का असं कुणीतरी विचारलं, तर त्यानं शिक्क्याचा कन्नड कागद दाखवला, 'गव्हर्नमेंट लायसन आहे' म्हणाला. मला कन्नड बोलता येतं, वाचता फारसं येत नाही. सगळे गप्प बसले. पुढच्या मिटिंगला ठराव आहे. तळ्याचा सांडवा ओढ्यात जातो, ओढा नदीला मिळतो, आणि त्याच्या खाली आमच्या पाणी योजनेची जॅकवेल (पिण्याचं पाणी उपसायची विहीर) आहे. अमेरिकेतला माझा मावसभाऊ म्हणतो, तिकडं तळ्यात औषध मारायला सरकारचं परमिट लागतं. आपल्याकडं लागतं का? कुणाकडं मागायचं? आणखी एक. ओढ्याकाठचे ऊसवाले तणनाशक मारून पंप ओढ्यातच धुतात. त्यांना परवाना नको का? मी बोलले तर 'तू काल आलीस' असं ऐकावं लागेल, म्हणून आधी विचारते."

ताई,

आधी थेट उत्तर देतो. "अमुक तळ्यात अमुक औषध मारायला परवानगी आहे" असं लिहिलेलं एकच सरकारी परमिट आपल्या देशात नाही. त्यामुळे कंत्राटदाराने दाखवलेला कागद काहीही असला, तरी तो तुमच्या तळ्यात फवारणी करायचा परवाना नाही. त्याच्या भरवशावर पुढच्या मिटिंगला ठराव करू नका. परमिट नाही म्हणून कायदाच नाही, असं मात्र समजू नका. कायदे बरेच आहेत, फक्त ते वेगवेगळ्या खात्यांत विखुरलेले आहेत. आणि सगळ्यात मोठी सही तुमच्या पंचायतीचीच आहे.

कागदापासून सुरुवात करू. आपल्याकडे कीटकनाशकांचा मुख्य कायदा १९६८ चा आणि त्याचे नियम १९७१ चे. नाव कीटकनाशक कायदा असलं तरी तणनाशक आणि बुरशीनाशकही त्यातच मोडतं, त्यामुळे "हे तणाचं औषध आहे, त्याला तो कायदा लागत नाही" असं कुणी म्हणालं तर ऐकू नका. या कायद्यात तीन वेगळ्या गोष्टी आहेत आणि गावात त्या तिन्हींना सरसकट "लायसन" म्हणतात. पहिली म्हणजे औषधाची नोंदणी. ती कंपनी करते, फरीदाबादच्या केंद्रीय नोंदणी समितीकडे. दुसरी, विक्री आणि साठ्याचा परवाना. तो दुकानदाराला मिळतो, राज्याच्या कृषी खात्याने नेमलेल्या परवाना अधिकाऱ्याकडून. तिसरी, पैसे घेऊन दुसऱ्याच्या जागेत औषध मारून देण्याचा परवाना. नियमांत याला व्यावसायिक कीड नियंत्रण म्हटलं आहे, आणि त्यात घरं, सार्वजनिक किंवा खासगी जागा, जमीन, शेत, हवाई फवारणी असं सगळं धरलं आहे. या तिसऱ्या परवान्यासाठी माणूस शेतीचा पदवीधर किंवा रसायनशास्त्र घेतलेला विज्ञान पदवीधर असावा लागतो. शिवाय म्हैसूर, हापूड किंवा हैदराबादच्या ठरलेल्या संस्थेत किमान १५ दिवसांचं प्रशिक्षण घेतल्याचं प्रमाणपत्र लागतं.

तुम्हाला दाखवलेला कागद यातला दुसरा असावा, असा माझा अंदाज आहे. खतं-औषधांचं दुकान चालवणारेच असली कामं घेतात आणि दुकानाचं लायसन पुढे करतात. मेडिकल दुकानाचं लायसन आहे म्हणून कुणी गावात सलाईन लावत फिरायला लागला तर आपण चालवून घेऊ का? कागदाची झेरॉक्स मागा आणि कन्नड शाळेतल्या एखाद्या गुरुजींकडून शांतपणे वाचून घ्या. परवाना विक्रीचा आहे की कीड नियंत्रणाचा, कुणाच्या नावावर आहे, कुठल्या पत्त्यावर आहे, एवढं बघितलं तरी पुरे. मग तीच झेरॉक्स घेऊन कृषी खात्याच्या रयत संपर्क केंद्रात जा. तिथल्या कृषी अधिकाऱ्यांना विचारा, की हा कागद पंचायतीच्या तळ्यात औषध मारायला चालतो का, आणि उत्तर लेखी मागा. तोंडी "चालतंय की" मिळालं तर ते मिटिंगमध्ये काही कामाचं नाही.

आता लेबल. कंत्राटदाराने औषधाचं नाव सांगितलं का, हे तुमच्या पत्रात नाही, आणि मला तेच पहिल्यांदा हवं होतं. नोंदणी होताना औषध कुठल्या पिकावर, कुठल्या तणावर, किती प्रमाणात मारायचं हे ठरलेलं असतं आणि डब्यासोबतच्या पत्रकात ते छापावं लागतं. पत्रक हिंदी, इंग्रजी आणि प्रादेशिक भाषेत असतं. त्यात पाण्यातल्या तणाचा, म्हणजे केंदाळाचा किंवा जलपर्णीचा, स्पष्ट उल्लेख आहे का ते बघा. नसेल तर विषय तिथेच संपला. ग्लायफोसेट या तणनाशकाचा तर प्रश्नच येत नाही. त्याची नोंदणी चहाच्या मळ्यांसाठी आणि पीक नसलेल्या जमिनीसाठी आहे, आणि ते फक्त कीड नियंत्रण चालकांनीच मारावं असा आदेश केंद्राने ऑक्टोबर २०२२ मध्ये काढला होता.

डब्यावरच्या त्रिकोणाबद्दलही सांगायला हवं, कारण मिटिंगमध्ये कुणीतरी नक्की म्हणणार, "हिरवा त्रिकोण आहे, काही होत नाही." लाल, पिवळा, निळा, हिरवा हे रंग औषध पोटात गेलं किंवा कातडीला लागलं तर माणसाला किती घातक, यावरून ठरतात. लाल सगळ्यात जहाल, हिरवा सगळ्यात सौम्य. मासा, बेडूक, पाण्यातले किडे यांच्याशी त्या रंगाचा संबंध नाही. माणसाला सौम्य आणि माशाला जहाल अशी औषधं बाजारात आहेत. तुमच्या तळ्यात राहतात ते मासे.

केंदाळासाठी बहुतेक वेळा नाव निघतं ते २,४-डी या तणनाशकाचं. तेच असेल असं धरून एक हिशेब करून दाखवतो. मिटिंगमध्ये हा हिशेब कायद्यापेक्षा जास्त उपयोगी पडेल. पिण्याच्या पाण्याचं भारतीय मानक, आयएस १०५००, सांगतं की एक लिटर पाण्यात २,४-डी ३० मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त नसावं. एक एकराचं तळं धरा, सरासरी सहा फूट पाणी. म्हणजे साधारण ७४ लाख लिटर. या सगळ्या पाण्यात मिळून मर्यादा गाठायला मूळ औषध लागतं फक्त २२० ग्रॅमच्या आसपास. बाजारात २,४-डी ५८ टक्क्यांच्या रूपात मिळतं, त्याच्या अर्ध्या लिटरच्या बाटलीत याहून जास्त औषध असतं. फवारलेलं सगळंच पाण्यात उतरत नाही, बरंचसं पानं पितात, आणि कालांतराने ते विघटितही होतं, हे खरं. पण अख्खं तळं जाळायला अर्धा लिटर पुरत नाही, आणि दोन हात मारायचे म्हटल्यावर किती डबे लागतील ते कंत्राटदारालाच विचारा. तळ्यात पाणी कमी, तर मात्रा आणखी दाट. उन्हाळ्यात हे काम काढलं तर पाण्याने तळ गाठलेला असतो, आणि पावसाळ्याच्या तोंडाशी काढलं तर पहिल्याच मोठ्या पावसात सांडवा वाहतो. दोन्ही वेळा वाईट.

यातून आणखी एक नुकसान होतं, आणि ते तुमच्या भागात लोकांना लगेच पटेल. २,४-डी रुंद पानांच्या झाडांना मारतं, गवताच्या जातीला सोडतं. ऊस गवताच्या जातीचा, म्हणून ऊसवाले ते बिनधास्त वापरतात. पण निपाणीकडे तंबाखू आहे, सोयाबीन आहे, परड्यात वांगी-टोमॅटो आहेत, आणि ही सगळी रुंद पानांची. शेजारच्या रानातल्या फवारणीचा नुसता वारा लागला तरी पानं वळतात आणि शेंडा पिळवटतो. तळ्यावर मोटर बसवून सोयाबीनला पाणी देणारे कोण कोण आहेत त्यांची नावं काढा. औषध मारल्यावर किती दिवस मोटर बंद ठेवायची, आणि कुणाचं पीक वळलं तर भरपाई कोण देणार, हे त्यांनाच कंत्राटदाराला विचारू द्या.

मग मासे. समजा औषध अगदी निर्धोक निघालं, तरी मासे मरायची भीती जात नाही. केंदाळ एकदम मेलं की बुडतं आणि कुजतं. एवढा पाला कुजताना पाण्यातला प्राणवायू खाऊन टाकतो. तळं भरगच्च असेल तर पहाटेच्या वेळी मासे तोंड वर काढून तडफडतात. भोई कुटुंबांनी ठेक्याचे पैसे भरलेले असतील तर त्यांचं बियाणंही जाईल आणि हंगामही जाईल. त्यांचं म्हणणं न घेता ठराव होत असेल तर तो मला अन्याय वाटतो. जाळी थांबली म्हणून ते आज औषधाच्या बाजूने बोलत असतील, पण हे कुजण्याचं गणित त्यांना कुणी सांगितलं आहे का?

तुमच्या मावसभावाचं म्हणणं बरोबर आहे. अमेरिकेत २००९ साली एका अपील न्यायालयाने निकाल दिला, की पाण्यात उतरणारे औषधाचे अवशेष हे प्रदूषणच. त्यानंतर ३१ ऑक्टोबर २०११ पासून तिथे पाण्यात किंवा पाण्याच्या कडेला डासांसाठी, तणासाठी, शेवाळासाठी, तसंच पाण्यावरच्या जंगलात औषध मारायला जल-कायद्याखाली परमिट लागतं. नोंदी ठेवाव्या लागतात आणि काही विपरीत घडलं तर कळवावं लागतं. पण त्याच कायद्यात शेतातून पावसाबरोबर वाहून येणाऱ्या पाण्याला आणि सिंचनाच्या परतीच्या पाण्याला सूट आहे. म्हणजे तुमचा दुसरा प्रश्न, पंप धुणाऱ्या ऊसवाल्यांचा, त्यांनाही परमिटने पूर्ण सुटलेला नाही.

आपल्याकडे हे काम कोणता कायदा करतो? १९७४ चा जलप्रदूषण प्रतिबंधक कायदा. त्यातल्या कलम २४ प्रमाणे विषारी किंवा प्रदूषण करणारा पदार्थ जाणूनबुजून प्रवाहात किंवा विहिरीत सोडायला मनाई आहे. सरळ सोडला तरी, आडमार्गाने जाऊ दिला तरी. आणि "प्रवाह" म्हणजे काय याची व्याख्या त्या कायद्यात फार मोठी केली आहे: नदी, वाहता ओढा, सध्या कोरडा पडलेला ओढा, नैसर्गिक किंवा माणसाने बांधलेला जलाशय, जमिनीखालचं पाणीसुद्धा. त्यामुळे "ओढ्याला आत्ता पाणी कुठाय" हे उत्तर चालत नाही. हा कायदा कर्नाटक राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळ राबवतं. मंडळाची संमती देण्याची पद्धत मुख्यतः कारखाने आणि सांडपाण्यासाठी घडवलेली आहे, म्हणून तिथे अर्ज केला की तळ्यात फवारणी करायचं परमिट हातात पडेल असं नाही. तरीही पंचायतीने मंडळाला पत्र लिहून अभिप्राय मागावा. "तळ्यात अमुक औषध इतक्या प्रमाणात मारायचा प्रस्ताव आहे, खाली पिण्याच्या पाण्याची जॅकवेल आहे, आपलं मत लेखी कळवावं", एवढं पुरे. असं पत्र आवक क्रमांकासह गेलं, की घाईने काम उरकू बघणारे आपोआप थबकतात.

याशिवाय मत्स्य कायद्यात पाण्यात विष घालून मासे मारण्याविरुद्ध कलम आहे, आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम २७९ प्रमाणे सार्वजनिक झरा किंवा जलाशयाचं पाणी मुद्दाम घाण करून वापरायला कमी योग्य करणं हा गुन्हा आहे. सहा महिन्यांपर्यंत कैद, पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. ही कलमं मिटिंगमध्ये धमकीसारखी वापरू नका. ठराव झाला तर सही करणाऱ्यांच्या अंगावर काय येऊ शकतं, हे पीडीओंना (पंचायत विकास अधिकाऱ्यांना) आधी बाजूला घेऊन सांगा. नोकरीतल्या माणसाला ते लवकर कळतं.

आता ऊसवाल्यांबद्दल. इथे कायद्याची बाजू खरंच पातळ आहे आणि मला त्याचं वाईट वाटतं. १९६८ च्या कायद्याच्या कलम ३८ ने घरात, परसबागेत आणि स्वतः कसत असलेल्या जमिनीत औषध वापरणाऱ्याला त्या कायद्यातून सूट दिली आहे. म्हणजे आपल्या उसात तणनाशक मारायला शेतकऱ्याला परवाना लागत नाही, आणि लागू नये असं मलाही वाटतं. नाहीतर प्रत्येक टाकीमागे त्याला कचेरीत खेटे घालावे लागतील. पण ही सूट "स्वतःच्या जमिनीत" वापरण्यापुरती आहे. ओढा कुणाच्याच उताऱ्यावर नसतो. पंप ओढ्यात बुडवून धुतला तर १९७४ चा कायदा शेतकऱ्यालाही लागतोच. उसात सर्रास पडणाऱ्या अ‍ॅट्राझीनची पिण्याच्या पाण्यातली मर्यादा तर लिटरला फक्त २ मायक्रोग्रॅम आहे, २,४-डीच्या पंधराव्या हिश्शाइतकी. आणि कुणाच्या गोठ्यात अजून जुनं थिमेट, म्हणजे फोरेट हे कीटकनाशक, पडलेलं असेल, तर त्यावर ३१ डिसेंबर २०२० पासून देशात बंदी आहे, हेही सांगा. खेकड्यांसाठी आणि माशांसाठी त्याचे दाणे पाण्यात टाकण्याची सवय काही ठिकाणी होती. ती आता कुणी धरू नये.

पण ताई, ऊसवाल्यांवर पहिल्याच दिवशी तक्रार करू नका. ते तुमचेच मतदार आणि भाऊबंद आहेत, आणि पंप ओढ्यात धुण्याचं कारण बहुतेक ठिकाणी एवढंच असतं की रानात दुसरं पाणी जवळ नसतं. पंचायतीने ओढ्यापासून आत दोन-तीन ठिकाणी पाण्याचं बॅरल आणि धुण्याची जागा करून द्यावी. धुतलेलं पाणी त्याच रानात, ज्या पिकावर औषध मारलं तिथेच फवारून टाकावं, ते वाया जात नाही. रिकामे डबे काठावर टाकायचे नाहीत. धंदा म्हणून फवारणी करणाऱ्यांना तर १९७१ च्या नियमांतला नियम ४४ बांधील आहे: धुण्याचं पाणी, उरलेलं औषध आणि रिकामे डबे यांची विल्हेवाट पाणी दूषित होणार नाही अशीच लावायची आणि डबे पुन्हा वापरता येणार नाहीत असे फोडून वस्तीपासून दूर पुरायचे. भाड्याने पंप किंवा ड्रोन घेऊन येणारी पोरं गावात येत असतील तर त्यांना हे ऐकवा. सोय करून दिल्यावरही जो ऐकत नाही, त्याच्याबद्दल मग लिहा.

सीमाभागातली एक अडचण वेगळी आहे. दूधगंगा तुमच्याकडे येते ती कोल्हापूर जिल्ह्यातून, वेदगंगाही तिकडूनच. वरच्या गावातून काही वाहत आलं तर ते महाराष्ट्राच्या मंडळाच्या हद्दीतलं, तुमच्या तळ्याचं काम कर्नाटकाच्या मंडळाचं. म्हणून तक्रारीत जागा नेमकी लिहा: कोणतं गाव, कोणता ओढा, कोणत्या बंधाऱ्याच्या वर की खाली. नाहीतर कागद या खिडकीतून त्या खिडकीत फिरत राहतो. पर्यावरणाचे खटले चालवणाऱ्या हरित न्यायाधिकरणाचंही तसंच. कर्नाटकासाठी चेन्नईचं पीठ आहे, पुणे जवळ असलं तरी तिथे तुमचा अर्ज चालणार नाही.

भाषेचा प्रश्न तुम्ही विचारला नाही, पण तुमच्या पत्रातल्या "सगळे गप्प बसले" या ओळीत तो आहे. तक्रार किंवा गाऱ्हाणं मराठीत देण्याचा तुम्हाला हक्क आहे. घटनेच्या अनुच्छेद ३५० प्रमाणे संघराज्यात किंवा त्या राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत कुणालाही कोणत्याही अधिकाऱ्याकडे गाऱ्हाणं मांडता येतं. माहिती अधिकाराचा अर्ज मात्र वेगळा. २००५ च्या त्या कायद्यात इंग्रजी, हिंदी किंवा त्या भागाची राजभाषा एवढंच लिहिलं आहे, म्हणजे तुमच्याकडे कन्नड. मराठी अर्ज परत आला तर वाद घालत महिना घालवू नका, पहिल्यांदाच हिंदीत किंवा कन्नडमध्ये द्या. दहा रुपये फी, तीस दिवसांत उत्तर. या कंत्राटदाराला कीड नियंत्रणाचा परवाना दिला आहे का, हा एकच प्रश्न विचारा. आणि गाऱ्हाणं मराठीत दिलं तरी सोबत कन्नड प्रत जोडा. हक्क सोडायचा म्हणून सांगत नाही, काम लवकर व्हावं म्हणून सांगतो.

तुम्ही हे पत्र वाचेपर्यंत कुणी औषध मारून मोकळा झाला असेल, तर लगेच जॅकवेलचा उपसा थांबवायला सांगा, गावात दवंडी द्या, मेलेले मासे कुणी खायचे नाहीत आणि जनावरं तळ्यावर सोडायची नाहीत. पाण्याचा नमुना काचेच्या गडद बाटलीत, गार ठेवून, त्याच दिवशी प्रयोगशाळेकडे पाठवा. पाणी योजनेच्या किटमध्ये क्लोरीन, नायट्रेट, फ्लोराइड कळतं, कीटकनाशक कळत नाही. किट "चांगलं" म्हणालं म्हणून निर्धास्त राहू नका. तुम्ही भरलेली बाटली डोळे उघडायला उपयोगी, पण कोर्टात चालतो तो मंडळाच्या अधिकाऱ्याने रीतसर नोटीस देऊन घेतलेला नमुना. म्हणून मंडळाला त्याच दिवशी कळवा.

मग केंदाळाचं करायचं काय? हाताने काढायचं. महाग आहे, कष्टाचं आहे, तरी माझं मत पक्कं आहे. पाणी कमी झालेल्या दिवसांत, फुलं येऊन बी पडायच्या आत, काठाकडून सुरुवात करून दोराने ओढत बाहेर घ्यावं आणि काठापासून इतकं लांब टाकावं की पावसात परत वाहून येऊ नये. वाळवून कुजवलं की खत होतं. रोजगार हमीतून, ज्याला तुमच्याकडे लोक उद्योग खात्री म्हणतात, तळ्यांचा गाळ काढण्याची कामं होत आली आहेत. त्याच कामात केंदाळ धरता येईल का, हे पीडीओंना विचारा. मजुरीचे पैसे गावातच राहतात, हा मुद्दा कंत्राटदाराच्या "निम्म्या पैशा"समोर ठेवा. केंदाळ खाणारे निओकेटिना नावाचे भुंगेरेही १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला बेंगळुरूत परदेशातून आणले गेले आणि काही ठिकाणी त्यांनी चांगलं काम केलं, पण त्याला वर्षं लागतात. तुमच्या घाईला ते पुरणार नाहीत.

एकदा काढून भागणार नाही. अनुकूल हवेत केंदाळ साधारण दोन आठवड्यांत दुप्पट होतं आणि त्याचं बी चिखलात वर्षानुवर्षं तग धरतं. ते एवढं माजलं आहे याचा अर्थ त्याला खाऊ मिळतोय: गावची गटारं तळ्यात उतरत असणार, किंवा उसातला युरिया. गटार वळवलं नाही तर औषध मारा नाहीतर माणसं लावा, पुढच्या वर्षी पुन्हा तेच. त्यामुळे ठरावात गटाराचा मुद्दा घाला. कठीण जाईल, कारण ते गटार बहुतेक वजनदार लोकांच्या गल्लीतून येत असणार.

ठराव असा मांडता येईल: "तळ्याचं पाणी ओढ्यावाटे पिण्याच्या पाणी योजनेकडे जात असल्याने तळ्यात कोणतंही रासायनिक औषध मारण्याचं काम, संबंधिताचा व्यावसायिक कीड नियंत्रणाचा परवाना, पाण्यातल्या तणासाठी नोंदणी दाखवणारं औषधाचं लेबल व पत्रक, कृषी खात्याचा आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाचा लेखी अभिप्राय व मासेमारी ठेकेदारांची लेखी संमती ग्रामसभेपुढे आल्याशिवाय देऊ नये. तोपर्यंत केंदाळ मजुरांकरवी काढावं आणि तळ्यात येणारी गटारं वळवण्याचा आराखडा करावा." हे मराठीत आणि कन्नडमध्ये टाइप करून न्या. मिटिंगच्या आदल्या दिवशी भोई कुटुंबांना आणि तळ्यावर मोटर असलेल्यांना भेटा, म्हणजे तुम्ही बोललात की दुसरा आवाज तयार असेल. ठराव तुमच्या विरोधात गेलाच, तर तुमचा विरोध कारणासह इतिवृत्तात लिहून घ्यायला सांगा आणि लिहिलेलं वाचून मगच सही करा.

औषधाच्या डब्याचा आणि त्या कन्नड कागदाचा फोटो या सदराच्या पत्त्यावर पाठवा. ठरावाआधी मिळाला तर वाचून लगेच कळवतो.